चौथी नीज

२ मार्च २००२, शनिवार. लोणी

पोचले एकदाची! जुन्नरहून नारायणगाव, नारायणगावहून मंचर, मंचरहून लोणीची गाडी, आणि तिन्ही गाड्यांत मायक्रोस्कोपची पेटी मांडीवर. कंडक्टरने विचारलं, आत बाळ आहे का. मी म्हटलं, बाळापेक्षा महाग आहे, धक्का लावू नका.

खरं बाळ आईकडे ठेवून आलेय. हर्षाली स्टँडवर रडली नाही. सहा वर्षांची पोर ओठ दाबून उभी राहिली, आणि गाडी सुटल्यावर मीच रडले. तिची परीक्षा संपली की कपिल तिला इथे आणून सोडणार, मग सुट्टीभर ती माझ्याजवळ. तोवर मला रेशमाची ही एक बॅच उरकायचीय. बॅच झाली की प्रबंध होईल, प्रबंध झाला की कॉलेजातली माझी तासिकेवरची नोकरी कायम होईल. मग कपिल भोसरीत, मी भाड्याच्या खोलीत आणि पोर आईकडे हे संपेल. तिघं एका घरात जेवायला बसू, एवढंच मला हवंय. बाकी किड्यांवर माझं काही जन्माचं प्रेम नाही.

घर गावाबाहेर माळावर आहे. विहिरीच्या कडेने तुतीचं हिरवंगार रान, मग पत्र्याची लांब शेड, शेडला लागून तीन खोल्या. एक माझी. गेणूभाऊ आणि कुशाबाई, दोघं साठीची, आणि भरत नावाचा चाळिशीतला माणूस, एवढंच घर. रेशीमवाले सगळे अंडी सरकारी केंद्रातून आणतात. गेणूभाऊ मात्र वर्षानुवर्षं स्वतःचंच बी राखतात. ते म्हणाले, "बी घरचं हाय, भाईरचं चालत न्हाई." असं जुनं, सरमिसळ न झालेलं बी मिळालं म्हणून माझे गाइड सर फोनवर अक्षरशः ओरडले होते.

एक फार बरं वाटलं. इथे कोणी आडनाव विचारलं नाही. नव्या गावात पहिला चहा यायच्या आत आडनाव निघतं, मग मूळ गाव, मग आडून आडून उरलेलं. तो प्रश्न कशासाठी असतो ते आम्हाला शाळेपासून कळतं. कुशाबाईंनी काही न विचारता आपल्या ताटाला लावून माझं ताट मांडलं. चांगली माणसं भेटली म्हणायची. भाजीत तेवढं मीठ नव्हतं. मागितलं तर घरातच नाही म्हणाल्या.

६ मार्च

काल अंडी फुटली. मुंगीएवढ्या काळ्या आळ्या, त्यांना तुतीचा कोवळा पाला बारीक चिरून घालायचा. मी कुशाबाईंसोबत पाला चिरला. माझे तुकडे ओबडधोबड झाले आणि त्यांनी ते मुकाट्याने परत चिरले. सासू असती तर दोन शब्द ऐकवले असते.

गावात झुंबरबाईंचं दुकान आहे, किराणा आणि टेलिफोन बूथ एकत्र. मीठ आणलं, हर्षालीशी बोलले. तिने विचारलं, किड्यांच्या पोटात तुला काय सापडणार. म्हटलं, सांगते, पण आधी मलाच साध्या भाषेत लिहून बघू दे.

तर नर आळीच्या पाठीत दोन पिवळसर दाणे असतात. त्यांत बारीक पिशव्या. एकेका पिशवीत गोल पेशींचा घोळका, सगळ्या एकाच पेशीतून निघालेल्या बहिणी, एकमेकींना नाजूक नळ्यांनी जोडलेल्या. एकीचं जे होतं ते त्याच वेळी सगळ्यांचं होतं. मग या गोल पेशी लांब होऊ लागतात. शक्ती देणाऱ्या कणिका एकत्र येऊन शेपटीभर ताणल्या जातात. केंद्रक, म्हणजे पेशीतली मालकीण, सुईसारखी बारीक होते. शेवटी पिशवी डोक्याकडून शेपटीकडे स्वतःला पिळत जाते आणि नको असलेलं सगळं मागच्या टोकाने बाहेर पडतं. उरतो तो शुक्राणू.

रेशीमकिड्यात याचे दोन प्रकार असतात, भरलेले आणि रिकामे. रिकाम्यांना पिळताना केंद्रकच बाहेर फेकलं जातं. मालकीण गेली तरी ते जगतात, वळवळतात, ढिगाने असतात. मूल होण्यात त्यांचा वाटा नाही. सरांच्या मते त्यांचं काम एकच, भरलेल्यांच्या जुड्या सोडवायच्या आणि त्यांना जागेवर पोचवायचं. हमाल म्हणा ना. कडक उन्हात भरलेले बिघडतात, रिकाम्यांना काही होत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मार्चच्या उन्हात नेमकं काय होतं ते मला बघायचंय.

हर्षालीला यातलं किती सांगू? आळीच्या पोटात हमाल असतात एवढं पुरे.

९ मार्च

आज आळ्या पहिल्यांदा मोल्टला बसल्या. कात टाकण्याआधी त्या खाणं थांबवून, डोकं वर करून निश्चल राहतात. इथे याला नीज म्हणतात, आणि या घराचा एक नेम आहे. आळ्यांनी नीज धरली की माणसांनीही धरायची. भर दुपारी शेडचे पडदे सोडून रॅकच्या मधल्या वाटेत चटया टाकायच्या, तोंडावर कापड घ्यायचं आणि सगळ्यांनी एकदम पाठ टेकायची. तोवर कोणाला नावाने हाक मारायची नाही. का, तर आळ्या एकसारख्या उठतात, मागेपुढे होत नाहीत. कुशाबाई म्हणाल्या, "समद्यांनी धरली तरच धरली. येक जरी जागं ऱ्हायलं तर समदी बॅच खालीवर व्हती."

मला हसू आलं. पण पाहुणीने नेम मोडू नये, आणि दुपारच्या झोपेला मी कधीच नाही म्हटलेलं नाही. झोपले. इतकी गाढ की स्वप्नसुद्धा पडलं नाही. उठल्यावर अंग हलकं वाटलं, आणि आळ्या खरंच एकसारख्या उठल्या होत्या, एकही मागे नाही. हे प्रबंधात कसं लिहायचं?

१३ मार्च

काल दुसरी नीज झाली. फार छान. कपिलशी फोनवर भांडायचं ठरवलं होतं, कारण त्याने सलग दोन रविवारी ओव्हरटाइम घेतला आणि पोरीला भेटायला गेला नाही. फोन लावला, तो बोलला, मी बरं म्हटलं. परत येताना लक्षात आलं की भांडले नाही. रागच सापडेना. माझा राग म्हणजे आईच्या भाषेत चुलीवरचं दूध, नजर हलली की उतू. गेला तर बरंच आहे म्हणा.

मिठाची पुडी तशीच पडलीय. भाजी आता गोड लागते.

१८ मार्च

तिसरी नीज. यावेळी मी चटई आपणहून टाकली.

संध्याकाळी बूथवर गेले. आईने सांगितलं की हर्षालीला ताप आहे, रात्रभर तुझं नाव घेत होती. मी विचारलं किती आहे. ती म्हणाली एकशे दोन. मी म्हटलं, डॉक्टरकडे ने, आणि फोन ठेवला. झुंबरबाई पैसे घेताना माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "बाई, पोरगी कुणाची म्हनायची, तुमचीच ना?" मी हो म्हटलं.

आता लिहिताना पुन्हा पुन्हा वाचतेय. एकशे दोन ताप आणि मी फोन ठेवला. गेल्या वर्षी तिला साधा खोकला होता तर मी कॉलेज बुडवून तिच्या उशाशी बसले होते. आत काही हलायला हवं होतं. उद्या हलेल.

२३ मार्च

काल चौथी नीज. शेवटची.

उठले तेव्हा सगळे उठून बसले होते. एकाच वेळी, एकाच बाजूला मान वळवून. माझीही मान त्याच बाजूला होती. शेडच्या टोकाला, ओल्या गोणपाटाच्या पडद्याकडे. पडद्यापलीकडे काय आहे मी विचारलं नाही.

विचारावंसं वाटत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं होतं की ही माणसं मनाची मोठी आहेत म्हणून काही विचारत नाहीत. तसं नाही. विचारायला आत कोणी लागतं.

२९ मार्च

मोठ्या आळ्या फाडून बघायला घेतल्या. माझे हात पूर्वी थोडे थरथरायचे. आता अजिबात नाही. स्लाइडी सुरेख झाल्या. आरशाने ऊन घेतलं की सगळं लख्ख दिसतं. पेशी लांब होत चालल्यात.

गेणूभाऊ, कुशाबाई आणि भरत हल्ली बोलत नाहीत. गरजही नाही. एकाला तहान लागली की चौघं उठतो.

५ एप्रिल

कोषांतले नर आज बघितले. पिळणं सुरू झालंय.

भरलेला एकही नाही. दहा कोष फाडले, नंतर अजून दहा. सगळ्या पिशव्या रिकाम्यांच्या. मला वाटलं उन्हाने. पण उन्हाने भरलेले बिघडतात, बिघडलेले तरी दिसायला हवेत. इथे ते झालेच नाहीत. केंद्रक मागे सरकतं, शेपटीच्या टोकाशी जमा होतं आणि फेकलं जातं. प्रत्येक पिशवीत, प्रत्येक पेशीचं, एकाच वेळी.

यांच्यापासून अंडी फलित होऊच शकत नाहीत. गेणूभाऊंचं बी मात्र दरवर्षी फुटतं. ते कशातून फुटतं ते मला माहीत नाही, आणि सरांनाही माहीत नसेल.

डोळा मायक्रोस्कोपवरून काढला तेव्हा तिघं माझ्या मागे उभे होते. कधी आले कळलं नाही. माझा श्वास त्यांच्या श्वासाबरोबर चालला होता. मी मुद्दाम थांबवून बघितला. तिघांचाही थांबला.

८ एप्रिल

झुंबरबाईंना विचारलं, ही माणसं एकमेकांची कोण. त्या म्हणाल्या, "कोन न्हाईत वो. येकाएकानं आल्यात. गेणू पाला तोडाया आला व्हता, कुशाबाई दवाखान्यात नर्स व्हती, भरत शेतकीचा सायब. आल्यावर लई बोलायची समदी. मंग ऱ्हायलीच." मग त्यांनी आवाज खाली केला आणि सांगितलं, तुमी लेकीकडं जावा बाई, आजच्या आज जावा.

मला समजलं. शब्दन् शब्द समजला. पहिल्या निजेला चव गेली, दुसरीला राग, तिसरीला माया, चौथीला मी. मी ते तिथे टाकून आलेय, काती टाकतात त्या उकिरड्यावर. मला भीती वाटायला हवी. मी ती शोधली. दुकानाच्या पायरीवर बसून, पदर झटकून, अगदी नीट शोधली.

९ एप्रिल

पेटी घेऊन फाट्यावर गेले. मंचरची गाडी आली. हात वर करायचा होता. हात वर करायला कोणीतरी लागतं. गाडी थांबली नाही. दुसरी आली, तीही गेली. तिन्हीसांजेला भरत न्यायला आला. त्याच्या पावलात पाऊल पडत गेलं.

घरी आल्यावर पडद्यापलीकडे बघितलं. मुद्दाम. एक रॅक आहे, एकच. निजेतल्या आळ्यांवर भुरभुरतात तसा चुना भुरभुरलाय, वर तुतीचा ताजा पाला. रोज बदलतात. लांबी माझ्या कमरेएवढी. मोठं माणूस मावणार नाही.

रिकामे कशाला असतात ते मीच लिहिलंय, ६ मार्चला. भरलेल्याला पोचवायला.

१० एप्रिल

परीक्षा संपून आज निकालही लागला असेल. बूथवर गेले. ठरवून गेले होते, वाटेत घोकत होते — येऊ नका, तिला आणू नका, मी विचारलं तरी आणू नका. आईने फोन उचलला. मागून हर्षाली किंचाळली, आई, आई, मी पहिली आले! मी तोंड उघडलं.

माझा आवाज म्हणाला, घेऊन या तिला, जागा भरपूर आहे, सगळे वाट बघतायत.

छान गोड आवाज होता. झुंबरबाई रडत होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन ओढला, पण पलीकडे आईने ठेवला होता.

१४ एप्रिल

जयंती. दरवर्षी आज मी निळ्या साडीत असते, मिरवणुकीत, हर्षाली माझ्या कडेवर. आज कोणती साडी नेसलेय बघावं लागेल.

कपिल तिला घेऊन दुपारी आला. झुंबरबाईंनी त्याला रस्त्यात अडवून काहीतरी सांगितलं म्हणे, तो हसत होता. म्हणाला, गावातली माणसं कशावरही विश्वास ठेवतात. म्हणाला, तू किती शांत झालीस गं, भांडली नाहीस, असंच राहा. बारीक झालीस पण शोभतंय. उद्याची शिफ्ट होती म्हणून तो चारच्या गाडीने गेला. मी त्याला थांब म्हटलं नाही. म्हणायचं होतं असं वाटतं.

हर्षाली दारातच उभी. आत येईना. म्हणाली, ही माझी आई नाही.

मी हात पुढे केला. ती आली. सहा वर्षांची आहे, दुसरं कोण आहे तिला इथे.

१५ एप्रिल, सकाळ

तिने भाजी थुंकली. मीठ म्हणाली. पुडी शोधून दिली. तिघं तिच्याकडे बघत बसले होते, मीही. ती एवढी — भरलेली आहे. सारखी विचारते. हे काय, ते का, ही बाई बोलत का नाही, तू माझा पापा का घेतला नाहीस. घेतला. गाल गरम होता.

शेडमध्ये आता आळ्या नाहीत. रॅक धुतलेत. पतंग अंडी घालून मेले. तरी कुशाबाई पडदे सोडतायत. चटया चार.

म्हणजे नीज आळ्यांसाठी नव्हतीच.

१५ एप्रिल, दुपार

ती माझ्या मांडीवर झोपलीय. रडून रडून झोपली. तिघं आपापल्या चटईवर बसलेत, पाठ न टेकता. माझ्यासाठी थांबलेत. समद्यांनी धरली तरच धरली.

मी लिहितेय तोवर मी जागी. मी जागी तोवर ते थांबतात. हे आत्ता कळलं.

म्हणून लिहीत राहायचं. काय ते नाही कळत. लिहायचं.

तुती. पत्रा. पत्रा तापलाय. कुशाबाईंच्या हातात कापड आहे. छोटं. हर्षालीच्या फ्रॉकला दोन बटणं, एक तुटलंय. मी लावणार होते. तिचा जन्म जुन्नरला, पाऊस नव्हता, ऊन होतं, आई म्हणाली मुलगी — मी म्हटलं मुलगीच हवी — तिला भात आवडतो, वरण नाही. गुडघ्यावर खूण आहे, सायकल. पहिली आली. पहिली आली म्हणाली, मी काही बोलले का? नाही बोलले. आता बोलते. शाब्बास.

अजून काय. अजून असेल काहीतरी. गोल पेशी. लांब. मागे सरकतं. नाही, ते नको, हिचं लिही. केस. दोन वेण्या. रिबन कोणत्या — निळ्या. झोपेत तिने माझं बोट धरलंय. सोडवत नाही.

भरत वाकला. कुशाबाई उठल्या. मी लिहितेय ना, मी लिहितेय, थांबा —

संपत आलं. आत काही सापडत नाही. नाव आहे. नाव घ्यायचं नसतं म्हणतात. नाव आहे माझ्याकडे. हर्षाली. हर्षाली. हर्षाली, उठ. उठ आणि दार. हर्षाली हर्षाली हर्षा